चंदेरी मेखा

ये गं, अशी जवळ बस. सांगलीहून एवढी उपाशी निघालीस म्हणून आधी माझी बोलणी खा. हं, आता ऐक.

नव्वदीतली गोष्ट. तुझे आजोबा फौजेतून रिटायर होऊन साताऱ्याला आले, ते लोखंडानं भरलेली एक कळकट पिशवी घेऊनच. मेखा, हातोडा, कड्या, दोराच्या पायऱ्या. खडकाच्या भेगेत मेख ठोकायची, तिला पायरी अडकवायची, त्या पायरीवर उभं राहून वरची मेख ठोकायची. सगळा जीव त्या बोटभर लोखंडावर. कुणा दोस्तानं फुकट दिलेलं. फुकट म्हटल्यावर मी सावधच झाले. चांगली वस्तू कोण फुकट देतं?

आणि तुझी आई, तेव्हा कॉलेजात, तेच सामान घेऊन दसऱ्यानंतर वाईकडचा सुळका चढणार होती.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजायची, म्हणून आदल्या दिवशी ह्यांनी सगळ्या मेखा चंदेरी रंगवून टाकल्या. फौजेची खोड, साहेब बघायला यायचा म्हटलं की झाडाच्या बुंध्यालासुद्धा रंग. पाटावर कशा चकाचक दिसत होत्या! मला आणखीच संशय. रंगाखाली काय झाकलंय?

हळदकुंकू वाहून झालं, आणि माठ घेताना वाजवून घेतो ना, तशी मी एकेक मेख फरशीवर वाजवायला बसले. तुझी आई हसली, "आई, देव हायत आज ते!"

"देवावर विश्वास हाय माझा. तुझ्या बापाच्या दोस्तावर न्हाई."

सगळ्या खणखणल्या. एक मात्र बद्द वाजली. रॉकेलनं रंग पुसला, तर कडी अडकवायच्या भोकापाशी केसासारखी चीर.

"आवं, हे काय?"

"ओरखडा असंल. लय संशयी बाई तू."

"मग घाला घाव."

ह्यांनी अंगणातल्या दगडाच्या फटीत मेख बसवली नि हातोडा हाणला. भोकाकडचं टोक तुटून तुळशीपाशी जाऊन पडलं. तुझ्या आईचं हसू तिथंच थांबलं.

मग हेच खाली बसले, उरलेल्या मेखांचा रंग खरवडायला. "त्यानं फसवलं न्हाई गं," म्हणाले, "त्यालाबी चीर दिसली नसंल." मला काही ते पटलं नाही. अजूनही नाही.

तुझी आई गेलीच, पारखलेल्या मेखा घेऊन. परत आली, तेव्हा पाणी द्यायच्या आधी मी तिचे हातपाय चाचपून बघितले. तोंडानं ती ठीकच म्हणणार होती.

तूही आता डोंगर चढतेस म्हणे. फोनवर "बरी आहे" म्हणतेस, त्यावर माझा विश्वास नाही. पुढच्या वेळी डोंगर उतरलीस की आधी इकडं ये, डोळ्यांनी बघू दे. लवकर ये गं.