थर सुटलेलं पाऊल

कारखान्यात तिला सगळे तोफ म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. लहानपणी ट्रकखाली तिचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. लेकीसाठी पाय बनवता बनवता वडिलांनी कृत्रिम पायांचा कारखानाच काढला. त्यांच्या माघारी धाकटा भाऊ मालक झाला, आणि माल तपासायचं काम तिच्याकडे आलं.

कार्बनच्या कापडाचे थर रेझिनच्या चिकट द्रवात भिजवून, एकावर एक दाबून पाऊल तयार होतं. नव्या खेपेतलं एक पाऊल तिने चाचणीच्या यंत्रावर चढवलं. माणूस चालताना पडतो तसा दाब यंत्र त्यावर देत होतं. थोड्या वेळाने आतून 'कट्' आवाज आला. वरून बघावं तर साधा ओरखडा नाही. तिने ते करवतीने मधोमध कापलं. टाचेपाशी थर सुटले होते, ओल आलेल्या भिंतीचे निघतात तसे पापुद्रे. घाईत थरांमधली हवा काढायची राहून गेली होती.

"अगं ताई, एक निघालं खराब. म्हणून काय सगळी खेप फेकू?" भाऊ म्हणाला.

"दुसरं तूच निवड."

त्याने निवडलेलं टिकलं. भावाची कॉलर ताठ झाली. तिने तिसरं चढवलं, ते जेवणाच्या सुट्टीआधीच गेलं.

"आता सांग, उरलेल्यांत चांगली कोणती?"

"ते मला विचारू नकोस. उद्या माल जाणार. मालक मी आहे."

"बरं."

ती स्टुलावर बसली, पान्याने स्वतःचं पाऊल सोडवलं, खेपेतलं एक बसवलं आणि गोदामाचा लोखंडी जिना चढू लागली. सगळ्यांचे हात थांबले. ती अर्ध्यावर गेली तसा भाऊ ओरडला, "वेडी झालीस का? उतर खाली! काढ ते!"

कठडा न धरता ती वळली. "बहीण पडेल म्हणून तुझा जीव वरखाली होतो. बाकीचे हे घालून चालणारे काय कुणाचे कुणी नाहीत?"

ती खेप भावाने भंगारात टाकली. माल घेणारा व्यापारी दुसरीकडे गेला. भाऊ तिच्याशी बोलेना. आई दोघांना वेगवेगळं वाढू लागली. मग एके दिवशी त्याने तिला बढती दिली: ऑफिसात टेबल, फिरती खुर्ची, तपासणी बंद. गोड बोलून काटा काढायचा बेत.

तोफ लगेच हो म्हणाली. आणि दुसऱ्याच दिवशी माणसं लावून चाचणीचं यंत्र तिने ऑफिसात आणवलं, भावाच्या खुर्चीला खेटून. आता ते दिवसभर खडखडतं. फोनवर बोलायचं तर भावाला घसा ताणावा लागतो.

"हलव ना हे इथून," तो अधूनमधून कुरकुरतो.

"हलवते की. आधी मला काढून टाक."

अजून तरी त्याची छाती झालेली नाही.