सेटिंगपुरतं डोकं
पोहण्याच्या गॉगलच्या रबराचा वास आला की आखातातल्या अल मनखूलचं ते क्लिनिक आठवतं. मी तिथं टेक्निशियन होते. चक्कर तपासायचं नवं मशीन आलं होतं आणि सॉफ्टवेअरचं सेटिंग लावायला कुणाचं तरी डोकं हवं होतं. बाहेर उम्म अल कुवैनहून सुट्टी टाकून आलेला चिपळूणचा फिटर बसला होता, चक्करेचाच पेशंट. डॉक्टरांनी त्याला आत बोलावून डोळ्यांची हालचाल टिपणारा, रबरी पट्ट्याचा कॅमेऱ्याचा चष्मा घट्ट बांधला आणि स्क्रीनवरची रेघ मनासारखी येईपर्यंत मानेला हिसके दिले. तो बेसिनमध्ये ओकला. तोंड पुसत मला म्हणाला, "ताई, काय निघालं माझं?" डॉक्टर म्हणाले, "इसको बोलो, टेस्ट कल है. ये तो सिर्फ सेटिंग थी, इसकी रीडिंग डिलीट कर दी." मी सांगितलं. "उद्या सुट्टी नाय गावायची," म्हणत तो भिंत धरून गेला. मशीन आजही त्याच सेटिंगवर चालतं, तिथली जुनी सहकारी सांगते. रिपोर्ट अगदी अचूक येतात.