मामाच्या कपड्यांतली धूळ

माझा मामा फर्निचरच्या कारखान्यात लाकूड घासायचा. सुतारांनी केलेली कपाटं, टेबलं, खुर्च्या त्याच्याकडे यायच्या. आधी मशीनने आणि मग कोपऱ्याकोपऱ्यांत खरखरीत कागदाने घासून तो ती सगळी इतकी गुळगुळीत करायचा की गाल टेकवून बघावंसं वाटे. या कामात दिवसभर पिठासारखा बारीक भुसा उडतो. मामाच्या भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या कायम पिवळसर दिसायच्या. कारखान्यात त्याला सगळे भुसाशेठ म्हणायचे आणि तोही खुशीत ओ द्यायचा.

घरात पाऊल टाकलं की मामी त्याला मागच्या गॅलरीत पिटाळायची. तिथे ती स्वतः त्याचा शर्ट झटकायची, पँटच्या दुमडीतून भुसा काढायची आणि "आज अख्खं टेबलच घरी आणलंत वाटतं" असं म्हणायची. थट्टा रोज तीच असे आणि मामा हसायचाही रोज. मग ती ते कपडे भिजवून हातांनी चोळायची. वॉशिंग मशीन होतं, पण त्यात कॉलरचा मळ निघत नाही अशी तिची तक्रार. दिवसभरात त्या दोघांचं निवांत बोलणं व्हायचं ते त्या गॅलरीतच.

मामीच्या हातांना खाज सुटली तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. साबण बदलला. भांडी घासायला रबरी मोजे आणले. तरी बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या, मग कोपरापर्यंत लाल चट्टे उठले आणि एके दिवशी सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की तिला चहाचं पातेलं नीट दिसेना. गल्लीतल्या डॉक्टरांच्या मलमाने चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मुलीच्या बाळंतपणासाठी मामी तिच्याकडे राहायला गेली तेव्हा मात्र हात साफ बरे झाले. आम्हाला वाटलं, नातवाचा पायगुण. ती परत आली आणि चट्टेही परत आले.

शेवटी मामा तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मी सोबत होते. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी मामीचे हात उलटसुलट करून बराच वेळ पाहिले. घरात कपडे कोण धुतं, हे विचारलं. मग मामाकडे वळून त्याचं काम विचारलं. मामाने मोठ्या हौसेने सांगितलं. तेव्हा बाई म्हणाल्या, "वरचं बटण काढा बरं जरा."

कॉलरच्या रेषेत मामाची मान लालभडक झाली होती. मनगटांवर आणि पट्ट्याखाली कमरेवरही तसंच होतं. घामोळं आहे, असं तो आम्हाला सांगत आला होता.

बाईंनी समजावून सांगितलं की काही लाकडांचा भुसा कातडीला सोसत नाही. घामाने तो चिकटून बसतो, आणि जिथे कपडा घासतो तिथे जास्त त्रास होतो. एखाद्याला वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग अचानक त्याच भुशाचं वावडं होतं. एकदा ते झालं की चिमूटभरही पुरतो. मामीच्या पाठीवर छोट्या पट्ट्या चिकटवून तपासणी झाली आणि शंका खरी निघाली.

"म्हणजे हे माझ्यामुळे?" मामाने विचारलं.

"तुमच्यामुळे नाही, तुमच्या कपड्यांमुळे," बाई म्हणाल्या. "आणि कपडे बदलता येतात."

घराशी पोचल्यावर मामा दारातच थांबला. आत जावं की नको, हे त्याला कळेना. मामीने हाताला धरून आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्याच्या मालकांकडे गेला. स्वतःसाठी त्याने कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मालकच गोंधळले. मागच्या नळाशेजारची अडगळीची खोली कपडे बदलायला मिळाली. कामाचा कोट शिवून आणला: लांब बाह्या, मनगटाला इलॅस्टिक, गळ्यापर्यंत बंद, आणि भुसा साठू नये म्हणून खिसा एकही नाही. पँटची दुमडी गेली. डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला मास्क. हातमोजे मात्र कागदाने हाताने घासतानाच. फिरत्या मशीनपाशी मोजा अडकला तर हातच आत ओढला जातो, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. पूर्वी सुटी झाली की सगळे हवेच्या पाइपने एकमेकांचे कपडे झाडायचे आणि अर्धा भुसा पुन्हा अंगात जायचा. ते मामाने बंद केलं आणि भुसा ओढून घेणारं मशीन वापरायला लागला. हात टर्पेंटाइनने पुसायचे सोडून कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुवायला लागला.

पहिल्या दिवशी कारखान्यात हशा पिकला. कुणी म्हणालं भुसाशेठ चंद्रावर निघाले, कुणी म्हणालं आता ऑपरेशन कुठलं. मामा म्हणाला, "बायकोचे हात बघायला या घरी, मग हसा." नंतर कुणी हसलं नाही. पुढे एकेक करत बाकीच्यांनीही तसे कोट शिवून घेतले.

कपडे कुणी धुवायचे, हा प्रश्न उरला. मामाने आयुष्यात कधी रुमालही धुतला नव्हता. कारखान्यातल्या नळावर तो स्वतः कोट धुवायला लागला आणि पहिल्याच आठवड्यात कॉलर काळीकुट्ट झाली. मग एका रविवारी, घरात निदान बाकीचे कपडे तरी धुवायला शिकावं म्हणून तो गॅलरीत बादली घेऊन बसला. मामी हातांना मलम लावून दारात खुर्चीवर बसली होती. मी आत भाजी निवडत होते.

"कॉलर आधी," मामी सांगत होती. "अहो, लाकूड आहे का ते, एवढं घासायला?"

मामाचा हात हळू झाला. मग मामी सहज बोलावं तशी म्हणाली, "मला अंदाज होता."

"कसला?"

"कपड्यांचा. मुलीकडे बरी झाले ना, तेव्हाच कळलं होतं."

मामाने बादलीतून हात बाहेर काढले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही काम सोडलं असतंत," मामी म्हणाली. "आणि लाकडाला हात लावल्याशिवाय तुम्हाला करमतं का? घरात बसून खिडकी घासली असतीत."

मामा ओल्या हातांनी तसाच उठला, तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवून राहिला. मलमाचे हात त्याच्या केसांना लागू नयेत म्हणून मामीने ते दोन्ही बाजूंना वर धरले होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पुन्हा अशी गप्प नाही राहणार. आणि तुमचं घामोळंही आता बंद." मामाने मान हलवली. मी भाजी घेऊन पुढच्या खोलीत गेले.

मामीचे हात बरे व्हायला बरेच महिने लागले. भेगा भरल्या, पापण्या पूर्ववत झाल्या, पण कातडी नाजूक राहिली ती राहिलीच. मामाची मानही निवळली. एका नव्या लाकडाने अंगावर गांधी उठल्या तेव्हा त्याने त्याच दिवशी मालकांना सांगितलं आणि दुसरं काम मागून घेतलं. पूर्वीचा मामा असता तर शर्टाचं बटण लावून गप्प बसला असता.

मामी एकदाच मला म्हणाली की तो असा नाहून, धुतलेल्या कपड्यांत घरी येतो तेव्हा क्षणभर कुणी पाहुणा आल्यासारखं वाटतं, लाकडाचा वास येत नाही. म्हणाली आणि स्वतःच हसली.

आता मामा निवृत्त झाला आहे. कपडे अजून तोच धुतो, आणि कॉलर मामीपेक्षा चांगली काढतो असं मामीच्या पाठीमागे सांगतो. संध्याकाळी चहा झाला की मामी काही न बोलता हात पुढे करते आणि तो क्रीम लावायला बसतो, एकेक बोट, नखांच्या कडेपर्यंत, जराही घाई न करता.