इटलीच्या कारंज्यात बसलेलं संचालक मंडळ

मित्रहो, आज सकाळी आमच्या दूध संस्थेच्या माजी चेअरमनांनी घरी बोलावलं. आत्मचरित्र छापतायत म्हणे. "गुरुजी, फोटोंखाली कवितेच्या दोन-दोन ओळी टाका."

फोटो ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळातले. त्या साली आमचे संचालक दुग्धव्यवसायाच्या अभ्यासाला इटलीला गेले होते. अल्बमात गाय एकही नाही! जुन्या गावाचा दगडी मनोरा, चर्च, आणि चौकातल्या कारंज्यात विजारी वर करून, पाय सोडून बसलेलं अख्खं संचालक मंडळ.

"इथं कशाचा अभ्यास केला?" मी विचारलं.

"पाण्याचा!" म्हणून साहेब खदखदून हसले.

त्या साली मी वर्गात नदीची कविता तालात म्हणत होतो आणि निम्म्या पोरी टँकरमागं घागर घेऊन पळत होत्या. ती कविता आजही मला गोड लागते. हे हसणं मात्र किळसवाणं वाटलं.

साहेबांच्या थोरल्या वहिनी चहा घेऊन आल्या. त्या दुष्काळात त्या खडी फोडायला जायच्या. फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "भावजी, एवढं पाणी वाहून चाललंय, त्यात पाय कशाला घातले? घागर लावायची की!"

"वहिनी, ते नुसतं शोभेचं असतंय."

"आन् तुमी?"

वहिनींचं बोलणं मी जसंच्या तसं फोटोखाली लिहिलं. साहेब म्हणतात, खोडा, न्हायतर दुसरा कवी बघतो. खुशाल बघा. मी खोडणार नाही.

तुमच्या गावचं कोण गेलं होतं अभ्यासाला? आणि काय शिकून आलं?