पुढच्या खेपेचं हेल्मेट

"पुढच्या खेपेत नवं येते न, भाऊ," असं म्हणत ते हवालदार आपलं हेल्मेट माझ्या शिलाई मशीनवर उलटं ठेवायचे आणि आतली फाटकी गादी दाखवायचे. "तोवर एवढं शिवून दे."

अहेरीत बाजाराच्या वाटेवर माझं टेलरिंगचं दुकान, मागे पोलिसांचा कॅम्प. जंगलात गस्तीला जाणारे बाकीचे जवान गणवेश आणायचे, हवालदार मात्र हेल्मेट. जुनं, जड, पट्टा झिजलेला. एकदा मी गंमत म्हणून डोक्यावर घातलं, तर मान खालीच गेली. ते हसले. "दिवसभर घालून चाल, मंग समजते."

नवी, हलकी हेल्मेटं येऊ लागली होती, पण थोडी थोडी. एका तुकडीला मिळाली की दुसरी ताटकळायची. यांच्या तुकडीची पाळी दर वेळी पुढे जाई. ते चिडत नसत. कुणावर चिडायचं, हेच त्यांना कळत नसावं.

नागभीडकडच्या गावी त्यांची बायको धानाची शेती पाहायची. फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "भेटलं का?" एका दुपारी ते मित्राचं नवं हेल्मेट घालून दुकानात आले. "फोटो काढ. तिले पाठवतो. झोप तं लागंल तिले." मी काढला. फोटोत ते नवरदेवासारखे ताठ उभे होते.

पावसाळा सरल्यावर गस्तीवर स्फोट झाला. उडालेला दगड हवालदारांच्या कपाळावर बसला, जुनं हेल्मेट चेपलं. नागपूरच्या दवाखान्यात जीव वाचला, पण बोलणं गेलं. ते तिथे असतानाच त्यांच्या तुकडीला नवी हेल्मेटं मिळाली. नव्या हेल्मेटनं तो दगड अडला असता का, मला माहीत नाही.

मी त्यांच्या गावी भेटायला गेलो. अंगणात खाटेवर बसले होते. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. वहिनींनी चहा दिला आणि हळूच विचारलं, "भाऊ, नवीन हेल्मेट तं भेटलं होतं न यायले? फोटो हाय माह्याजवळ. मंग असं काऊन झालं?"

मी हवालदारांकडे पाहिलं. ते कोंबड्यांकडे पाहत होते.

"स्फोट लय मोठा होता, वहिनी," एवढंच मला म्हणता आलं.

निघेपर्यंत ऊन त्यांच्या डोक्यावर आलं होतं. वहिनींनी दुपट्टा टाकला, त्यांनी तो ओढून फेकला. "डोक्शावर काईच ठेवू देत नाई," त्या म्हणाल्या, आणि आपली सावली त्यांच्यावर पडेल अशा, उन्हाकडे पाठ करून उभ्या राहिल्या.