कराड, वीस मिनिटं

नव्वदीच्या दशकात मी सांगलीजवळच्या एका छोट्या धावपट्टीवर राखणदार होतो. विमान यायचं कधीतरी, तेही कुणा बड्या साहेबांना कराडच्या धावपट्टीवरून आणून सोडायला. एरवी वस्तीवरच्या बायका तिथं शिजवलेली हळद वाळत घालायच्या. तापलेलं डांबर, मातीचा कण लागत नाही. मीही काणाडोळा करायचो.

कराडच्या राखणदाराला मी कधी पाहिलं नव्हतं, नुसता आवाज ओळखीचा. विमान उडालं की त्याचा फोन यायचा, "गड्या, निघालं रं." एवढं ऐकलं की मी फोन आदळून पळायचो. विमानाला वीस मिनिटं लागत आणि तेवढ्यात सगळी हळद उचलायची असे. बायका करवादायच्या, "आवं, आत्ता तर पसरली की!" बोलणी मीच खायची, झाडू मीच मारायचा. अगदी विटून गेलो होतो.

आई तेव्हा कराडला माझ्या बहिणीकडे होती. एका दुपारी फोन आला. "तुझं दाजी हितं आल्यात. आईचं लय जास्त झालंय म्हणत्यात. आन् इमान निघालंय..." पुढे तो काहीतरी बोलत होता. पण मी सवयीनं फोन ठेवला आणि पळालो.

हळद भरताना कोण काय म्हणालं, आठवत नाही. विमान उतरलं, साहेब गाडीत बसून गेले. पायलट परगावचा, तो खाली उतरलाच नाही. रिकामं विमान परत कराडलाच जाणार, हे मला ठाऊक होतं. मनात आलंही. पण रोजंदारीवरच्या माणसानं विमानात जागा मागायची? 

तेवढ्यात पायलटनं खिडकीतून माझ्याकडे बघत हात हलवला. पंख्याच्या आवाजात शब्द कळेना. पुन्हा हलवला, जरा रागानंच. मागे वळून बघतो तो कडेला हळद सांडलेली. म्हटलं, आता ही नोकरीही गेली. झाडू घेतला आणि टोकापर्यंत झाडत सुटलो.  मान वर केली तेव्हा विमान उडालं होतं.

मग सांगलीपर्यंत टेम्पो, तिथून इस्लामपूर, पुन्हा दुसरी एसटी. सगळीकडे उभ्यानं. कराडला पोचायला दिवस मावळला.

बहिणीच्या दारात माणसं जमली होती. आई चार वाजेपर्यंत बोलत होती, माझीच वाट बघत होती, असं बहीण रडत म्हणाली. गर्दीतून एक अनोळखी माणूस पुढे आला. त्यानं तोंड उघडलं तसं मी त्याला ओळखलं.

"आरं, पायलटला सांगून धाडलं हुतं मी, येताना ह्याला घिऊन या म्हणून. फोनवर त्येच सांगत हुतो. त्यो म्हनला, चांगला हात करून बोलावला, तर गडी झाडू घिऊन पळाला."

मला पायलटचा राग आला नाही. माझाच आला, अजून येतो.

पुढे चार वर्षं मी त्याच धावपट्टीवर काढली. कराडचा फोन यायचा, "निघालं रं." बायका टोपल्या घेऊन ओरडत असायच्या. आणि मी पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज येईपर्यंत रिसीव्हर कानाला लावून उभा असायचो.