चौथ्या नोझलखालचं वायसर

इंजिनाच्या बाबतीत मी कोणाच्या बापाचं ऐकत नसे. देवळीच्या स्टँडजवळ माझं टपरीवजा गॅरेज होतं, आणि ट्रक नाक्यावर वळला की नुसत्या आवाजावरून मी सांगायचो, याचं काय दुखतं. लोक माना डोलवायचे. मान डोलवणारे लोक फार वाईट बाप्पा, माणसाला पार बिघडवून ठेवतात.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. वर्ध्याच्या एका शेठजींचा ट्रक जिनिंगच्या कारखान्यातून कापसाच्या गाठी भरून स्टेशनवर न्यायचा. त्याचा ड्रायव्हर केळझरचा, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. एका सकाळी गाडी माझ्यापुढे लावून म्हणाला, "मिस्त्री, मिस मारून राह्यली. चढावर दमच नाई धरत."

इंजिन चालू ठेवून मी एकेका नोझलच्या पाइपाचा नट पान्याने ढिला केला. सोपी परीक्षा आहे ही. ज्याचं डिझेल तोडलं की इंजिन अडखळतं, तो सिलिंडर कामाचा. चौथ्याचा नट ढिला केला तर आवाजात काडीचा फरक पडला नाही. म्हणजे हा चौथा नुसता फुकट खात होता. त्याचं नोझल उपसलं, बाहेरच पाइपाला जोडलं आणि सेल्फ मारायला लावला. धुक्यासारखा फवारा उडायला हवा, तर हे लहान लेकराच्या लाळेसारखं ठिबकत होतं. मग नवीन नोझल घातलं, त्याच्याखाली तांब्याचं नवीन वायसर, म्हणजे वॉशरची चकती, आणि घट्ट आवळलं. मिस गेली. मी हात पुसले, चहा मागवला आणि छाती फुगवून बसलो.

तिसऱ्या दिवशी गाडी परत. आता धूर असा काळा, की मागचा सायकलवाला दिसेना. या वेळी गाडीसोबत शेठजी स्वतः आले होते.

"नोझल नवीन, बसवलं मी," मी ड्रायव्हरला म्हणालो. "मंग धूर कायचा? डिझेलमंधी राकेल टाकतं तू!"

काही ड्रायव्हर डिझेल विकून टाकीत राकेल ओततात, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. याने ते केल्याचं मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. टाकीचं झाकण उघडून साधा वाससुद्धा घेतला नाही. कशाला घेऊ? माझं काम चुकू शकत नाही, तर चुकणारा दुसराच कोणी असणार, एवढं सरळ होतं माझं गणित.

तो पांढराफटक पडला. "मी नाई टाकलं, मिस्त्री. चाल केळझरच्या गणपतीपुढं, हात ठेवून सांगतो."

"देवाले कायले मधात आणतं बे?" मी म्हणालो, आणि स्टँडवरचे चार जण खो खो हसले. शेठजींनी तिथल्या तिथे हात पुढे केला. त्याने गाडीची किल्ली आधी आपल्या सदऱ्याला पुसली आणि मग त्यांच्या हातात दिली.

नवा ड्रायव्हर आला. शेठजी जातीने पंपावर उभे राहून डिझेल भरून घेऊ लागले. धूर तसाच. आठ-दहा दिवसांनी गाडी पुन्हा माझ्या दारात. नवा ड्रायव्हर चहाला गेला, आणि मी चिडूनच चौथं नोझल उपसलं. त्याच्यासोबत वायसर वर आलं, मी घातलेलं नवंच. मग काय मनात आलं कोण जाणे, हातबॅटरीचा उजेड पाडून भोकात पाहिलं. तळाशी काजळीत एक गोल कडा दिसली. तारेचा आकडा करून ती ओढली. जुनं वायसर! पहिल्या वेळी ते खालीच चिकटून राहिलं होतं, आणि मी न पाहता त्याच्यावर दुसरं चढवलं होतं. त्यामुळे नोझल उचललेलं राहिलं, डिझेलचा फवारा भलतीकडे पडू लागला, म्हणून धूर. दुसऱ्या कोणी ही चूक केली असती तर मी त्याला अख्ख्या स्टँडसमोर सोलून काढलं असतं.

मी आधी बाहेर नजर टाकली, खोटं कशाला सांगू. आजूबाजूला कोणी नव्हतं. वायसर केवढं ते! नालीत टाकलं असतं तर विषय संपत होता. वरून, धूर घालवला म्हणून मिस्त्रीची वाहवाच झाली असती. मी खरंच नालीकडे पाहत उभा राहिलो, दोन मिनिटं तरी. मग ती सदऱ्याला पुसलेली किल्ली डोळ्यांपुढे आली.

तिसरं कोरं वायसर घालून नोझल नीट बसवलं, काढलेली दोन्ही वायसरं खिशात टाकली आणि मिळेल त्या एसटीने वर्धा गाठलं. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं. "आता धूर गेला ना? मंग झालं तर. एवढ्यासाठी इतक्या दूर काऊन आला?"

माझं डोकंच सटकलं. "झालं कसं? माणूस काढला तुम्ही माह्या शब्दावर!" दुकानातले लोक वळून पाहू लागले. पाहू देत म्हटलं. शेठजी ओशाळले आणि त्याला परत घ्यायला तयार झाले.

केळझरला मी स्वतः गेलो. तो दुसऱ्याच्या वावरात तुरी कापत होता. दोन्ही वायसरं त्याच्या हातावर ठेवली आणि सांगून टाकलं, "चूक माही होती. तुही नाई." त्याने ती उलटून पालटून पाहिली. "एवढंसं?" इतकंच म्हणाला. मग विळा खाली ठेवून किती तरी वेळ तोंडावरून हात फिरवत धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून राहिला. मला तिथे उभं राहवेना आणि निघवेना.

तो ट्रकवर परत आला. मी स्टँडवर ज्याला त्याला धरून वायसरची गोष्ट सांगत सुटलो. लोक "हाव का?" म्हणायचे आणि विसरायचे.

पुढे बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघं त्याच स्टँडवर चहा पीत होतो. एका ट्रकचा क्लीनर, त्या वायसरच्या वेळी चड्डीत असेल इतका कोवळा, लांबून ओरडला, "ओ राकेलभाऊ, गाडी बाजूले घ्या ना जराशी!" हाकेत खोडी अजिबात नव्हती. त्याला बिचाऱ्याला तेवढंच नाव माहीत होतं. आणि हाही "आलो गा" म्हणत कप खाली ठेवून उठला.

मी ताडकन उभा राहिलो, त्या पोराला गाठून सांगणारच होतो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"चहा पे, मिस्त्री," तो म्हणाला. "कोणाकोणाले सांगशील?"